क्वांटम शिकवायचंय? मग चिमूटभर मिठापासून सुरुवात करा



‘क्वांटम’ हा शब्द तुमच्या मुलांच्या कानावर पहिल्यांदा कुठून पडतो, याचा एकदा अंदाज घ्या. वर्गातून बहुधा नाहीच. तो येतो सिनेमातून, मोबाइलवरच्या व्हिडिओतून, नाहीतर जाहिरातीतून. गळ्यात घालायचे ‘क्वांटम’ लोलक, ‘क्वांटम’ उपचार, हातात दांडी धरली की शरीरातले सगळे रोग सांगणारे यंत्र, पाने नुसती फडफडवून पुस्तक समजण्याचे वर्ग. दुकान कोणतेही असो, सूर एकच असतो: सगळं काही ऊर्जा आहे आणि मनात आणाल तसं घडतं, असं विज्ञानानेच सिद्ध केलंय!

यात फक्त पैसे जातात असेही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने ‘५जी लहरींपासून संरक्षण देतात’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा वस्तू तपासल्या, तर त्या चक्क किरणोत्सारी निघाल्या. त्यात लोलक होते, आणि लहान मुलांच्या मनगटात घालायची पट्टीसुद्धा होती. त्या अंगावर घालू नका, असे लोकांना जाहीरपणे सांगावे लागले.

अशा वेळी आपण मुलांना सांगतो, ‘फसू नका.’ पण खरे क्वांटम काय असते हे मुलाला ठाऊकच नसेल, तर खोटे ते ओळखणार कसे? म्हणून माझे स्पष्ट मत आहे की क्वांटमची ओळख आठवीपासूनच करून द्यावी, आणि ती त्याच्या नेमकेपणातून करून द्यावी. ‘किती अद्भुत, किती गूढ’ असे म्हणत सुरुवात केली, की आपण नकळत त्या दुकानदाराचेच काम सोपे करतो.

सुरुवात स्वयंपाकघरातून करता येते. स्टीलचा चमचा मिठाच्या पाण्यात बुडवून गॅसच्या निळ्या ज्योतीत धरा. (हे मोठ्यांनीच करायचे, मुलांनी लांबून बघायचे, बरं का.) ज्योत भडक पिवळी होते. आता चमचा धुऊन सैंधवाचे पाणी घ्या. पुन्हा तोच पिवळा. मग खाण्याचा सोडा घ्या. परत तोच! समुद्राचे मीठ, खाणीतले मीठ आणि सोडा या तीन वेगळ्या वस्तू, पण रंग एकच. कारण तिन्हींत सोडियम आहे. त्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर असते. सोलापुरात तेवढीच, दिल्लीत तेवढीच, आणि एखाद्या दूरच्या ताऱ्यावरच्या सोडियमचीही मुळात तेवढीच.

इथे मुलांना थांबवून विचारा: दरवेळी तोच रंग का?

आठवीच्या विज्ञानात ‘अणूचे अंतरंग’ हा पाठ आहेच. त्यात बोरचे अणुप्रारूप येते. मुले के, एल, एम, एन ही कवचे पाठ करतात, २, ८, १८, ३२ घोकतात आणि मोकळी होतात. पण ही कवचे आहेत हे कुणाला कसे कळले, हे विचारायचे राहून जाते. त्याचा पुरावा या ज्योतीत आहे. अणूतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाटेल तेवढी असू शकत नाही, ठरावीक पातळ्यांवरचीच असते. उष्णतेने इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि खाली येताना त्या दोन पातळ्यांमधला फरक प्रकाशाच्या रूपाने देऊन टाकतो. फरक ठरलेला, म्हणून रंगही ठरलेला. ऊर्जेच्या या ठरलेल्या हिश्शाला मराठीत ‘पुंज’ म्हणतात, आणि त्यावरूनच ‘पुंजयामिकी’ हा शब्द आला.

मुलांना एसटीचे उदाहरण द्यावे. लाल परीचे भाडे टप्प्यावर असते आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. तुम्हाला अर्धे तिकीट मिळेल, पण अर्धा टप्पा मिळणार नाही. मात्र उदाहरण जिथे तुटते तेही लगेच सांगा. एसटीचे टप्पे माणसांनी ठरवलेत आणि ते सारखे आहेत. अणूतल्या पातळ्या निसर्गाच्या आहेत, त्यांच्यातले अंतर कमी-जास्त असते आणि इलेक्ट्रॉनला मध्येच कुठे उतरता येत नाही.

या पिवळ्या रंगाचा एक धागा आपल्या भागातून गेला आहे, आणि तो मुलांना माहीत असायला हवा. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवरच्या विजापुरात कॅप्टन हेग, तर जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन ग्रहणाची वाट बघत होते. तिकडे गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांच्या प्रकाशात त्यांना सलग पट्टा न दिसता सुट्या चमकत्या रेषा दिसल्या. त्यावरून त्या ज्वाला म्हणजे तापलेला वायू आहे हे कळले. रेषांपैकी एक पिवळ्या-नारिंगी भागात होती. ती सोडियमची असावी असे आधी वाटले. पण त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी काटेकोर मापन केले, तेव्हा ती सोडियमच्या जागेपासून किंचित सरकलेली निघाली. आजच्या मापात ५८९ ऐवजी ५८७.६ नॅनोमीटर. एवढ्याशा फरकावरून एका नव्या मूलद्रव्याची चाहूल लागली. ते हेलियम. पृथ्वीवर ते रॅमसे यांना सापडायला १८९५ साल उजाडले.

पण रेषा दिसणे वेगळे आणि ती का दिसते हे कळणे वेगळे. प्लांक यांनी १९०० मध्ये पुंजाची कल्पना मांडली. बोर यांनी १९१३ मध्ये ती अणूला लावून हायड्रोजनच्या रेषांचे गणित जुळवले. दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमपाशी मात्र बोर यांचा सिद्धांत अडला. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंजर यांनी नवी पुंजयामिकी उभी केली, तेव्हा कुठे ते कोडे सुटू लागले. म्हणजे आठवीच्या पाठातले प्रारूप हा अंतिम शब्द नव्हे, हेही मुलांना सांगायला हरकत नाही. जो सिद्धांत मापनाशी जुळला नाही तो बदलावा लागला, आणि विज्ञान म्हणतात ते यालाच.

यातून निघणारी दुसरी कल्पना मला त्याहूनही मोलाची वाटते. एकाच मागावर, एकाच सुताच्या, एकाच नक्षीच्या दोन सोलापुरी चादरी घ्या. बारकाईने मोजल्या तर लांबीत, वजनात काहीतरी फरक सापडेलच. माणसाने केलेल्या कोणत्याही दोन वस्तू अगदी तंतोतंत सारख्या नसतात. पण सोडियमच्या एका प्रकारच्या अणूंमध्ये असा फरक नसतोच, कितीही बारीक मोजा. सत्येंद्रनाथ बोस १९२४ मध्ये ढाक्याला शिकवत असताना त्यांनी ही गोष्ट प्रकाशकणांच्या बाबतीत गणितात घेतली. दोन लिंबे दोन टोपल्यांत चार प्रकारे ठेवता येतात, कारण हे लिंबू आणि ते लिंबू वेगळे असते. दोन प्रकाशकणांसाठी मात्र प्रकार तीनच धरायचे. दोन्ही इकडे, दोन्ही तिकडे, किंवा एकेक. ‘हा कुठला आणि तो कुठला’ या प्रश्नाला तिथे अर्थच नाही. अशा मोजणीतून प्लांक यांचे सूत्र बरोबर बाहेर आले. टोपल्यांचा हा खेळ पाचवीतला मुलगाही करू शकतो!

आणि नेमकेपणा म्हणाल तर आपल्या बाजार समितीत रोज कांद्याचे वजन होते, त्यातला किलोग्रॅमसुद्धा आता क्वांटमवर उभा आहे. १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा म्हणजे एक किलो, असे मानत होते. २० मे २०१९ पासून ते बंद झाले आणि किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून होऊ लागली. सेकंद तर १९६७ पासूनच सीझियमच्या अणूवर मोजला जातो. त्या अणूने सोडलेल्या ठरावीक लहरींची ९,१९२,६३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद. आपला काटा आणि आपले घड्याळ ज्याच्या भरवशावर आहे, ते ‘काहीही होऊ शकतं’ असे शास्त्र कसे असेल?

‘पण मग अनिश्चितता?’ असे कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवे. ती खरी आहे. तिच्यावर पांघरूण घालू नका. हाडांच्या स्कॅनसाठी वापरतात त्या टेक्नेशियमचा एखादा अणू नेमका कधी बदलेल, हे जगात कुणीही सांगू शकत नाही. पण प्रचंड संख्येने अणू घेतले तर सहा तासांनी निम्मे उरतील, बारा तासांनी पाव उरतील, हे ठामपणे सांगता येते. डॉक्टर त्यावरच मात्रा ठरवतात. एकाबद्दल सांगता येत नाही, समूहाबद्दल मात्र चोख सांगता येते. ही अनिश्चितता हिशेबातली आहे. तिच्यात इच्छेला, मंत्राला किंवा लोलकाला शिरायला जागा नाही.

तीच गोष्ट ‘निरीक्षक’ या शब्दाची. ‘बघितल्याने कण बदलतो’ या वाक्यावर तर कित्येक दुकाने चालतात. वर्गात आपण ‘बघणे’ऐवजी ‘मोजणे’ म्हणू या. मोजायचे तर कणाची एखाद्या उपकरणाशी गाठ पडते आणि त्याची नोंद उरते. ती नोंद रात्री रिकाम्या प्रयोगशाळेतही होते, तिथे कुणी मन एकाग्र करून बसलेले नसते. मापनाच्या क्षणी नेमके काय घडते यावर शास्त्रज्ञांचे मतभेद आजही आहेत. आकडे काढायच्या गणितावर मात्र ते नाहीत. हा फरक मुलांना समजतो. आपणच त्यांना कमी लेखतो.

‘अभ्यासक्रम पूर्ण करायचा की हे करायचं?’ ही अडचण मला मान्य आहे. पण यासाठी दोन तासिका पुरतात. एका तासिकेत ज्योत दाखवा. दुसऱ्या तासिकेत बुटांच्या खोक्याला बारीक फट पाडा, आत जुनी सीडी तिरकी बसवा आणि झाले वर्णपटदर्शक तयार. जुना पिवळा बल्ब आणि ट्यूबलाइट त्यातून पाहा. बल्बचा पट्टा सलग दिसतो, ट्यूबलाइटमध्ये हिरव्या-निळ्या रेषा उठून दिसतात. सूर्याकडे मात्र खोके कधीही रोखायचे नाही, हे आधी बजावून सांगा. दोन्ही वेळा मराठीतच बोला. अकरावीत इंग्रजी पुस्तक हातात आले की ‘पुंज’, ‘पातळी’, ‘वर्णपट’ हे शब्द मुलांना आधार देतात.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानाला ६,००३ कोटी रुपयांहून अधिक निधी मंजूर केला. मुंबईच्या आयआयटीत क्वांटम संवेदकांचे केंद्र आहे. उद्या आपल्यातलीच कुणी मुलगी तिथे काम करू शकते. आणि पालकहो, तिथे न गेलेल्या मुलांनाही या शिक्षणाचा उपयोग आहेच. कुणी ‘क्वांटम’ म्हणून काही विकायला दारात आला, की त्यांनी त्याला तीनच प्रश्न विचारावेत: काय मोजलं? किती आलं? दुसऱ्याने मोजलं तरी तेवढंच येतं का?

मीठ या तिन्ही प्रश्नांना उत्तर देते. लोलकवाल्याला द्यायला सांगा.