मालगाडीला वेळापत्रक हवे

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार, यांना

दादरी ते न्हावाशेवा हा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग सुमारे 1,500 किलोमीटरचा, विजेवरचा आणि एकावर एक दोन कंटेनर वाहू शकणारा आहे. हे काम फार मोठे आहे. पण रूळ टाकले की माल आपोआप रुळांवर येतो, हे गृहीतक धोक्याचे आहे. राष्ट्रीय रेल्वे आराखड्याने 2030 पर्यंत मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा 45 टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. कोळसा आणि लोहखनिज तर आधीपासूनच मोठ्या प्रमाणात रेल्वेने जाते. वाढ व्हायची ती आज ट्रकने जाणाऱ्या लहान खेपांतून, आणि माल पाठवणाऱ्या लहान व्यापाऱ्याला भाड्याइतकीच काळजी असते ती गाडी सुटणार कधी आणि पोचणार कधी याची.

7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला शेतमाल नेणारी पहिली किसान रेल सुटली, तेव्हा याच काळजीला उत्तर मिळाले होते. वार ठरलेला, थांबे ठरलेले, आणि किमान वजनाची अट नाही. पूर्ण मालगाडी भरण्याची ऐपत नसलेला बागाईतदारही डाळिंबाचे मोजके क्रेट फलाटावर आणून डब्यात चढवू शकत होता. त्याच डिसेंबरात शंभरावी गाडी सांगोल्याहून थेट बंगालमधल्या शालिमारला निघाली. हे सगळे भाड्यातल्या 50 टक्के सवलतीच्या जोरावर झाले, असा आक्षेप घेतला जातो. सवलतीने गर्दी वाढली, हे खरेच. पण नासका माल निम्म्या भाड्यात पोचवून शेतकऱ्याच्या हाती काय लागते? ठरल्या वेळेचा भरवसा होता, म्हणून सवलतीलाही अर्थ होता.

समर्पित मार्गाचे खरे मोल मला इथे दिसते. जुन्या मार्गावर प्रवासी गाडीला वाट द्यायला मालगाडी बाजूच्या रुळावर तासन् तास उभी राहते. तिथे वेळेचा शब्द देणार तरी कोण? नव्या मार्गावर तो देता येतो. देशाचा मालाच्या वाहतुकीचा आणि साठवणुकीचा (लॉजिस्टिक्स) खर्च जीडीपीच्या 13-14 टक्के असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाई. एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेच्या अभ्यासाने तो 8 टक्क्यांच्या आसपास असल्याचे सांगितले, पण लहान उद्योगांवरचा बोजा मोठ्यांच्या मानाने बराच जास्त असल्याचेही दाखवले. निर्यातीच्या बाजारात आपण मागे पडतो ते या लहानांच्या पातळीवर.

विजेवरच्या गाडीची वीजही कोळशाचीच, मग कार्बन वाचला कुठे, असेही विचारले जाते. पोलादी रुळावर पोलादी चाकाला घर्षण इतके कमी की तेवढाच माल न्यायला ट्रकपेक्षा ऊर्जा कितीतरी कमी लागते. शिवाय सौरवीज वाढेल तसा हा फायदा वाढेल. ट्रकच्या डिझेलसाठी लागणारे कच्चे तेल मात्र 85 टक्क्यांहून अधिक आयातच करावे लागते. ट्रकवाल्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, आणि दोनशे किलोमीटरच्या आत ट्रकच सोयीचा, हेही मान्य. पण कोकण रेल्वे 1999 पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रकच वाघिणींवरून नेते. चालक सोबत असतो, घाटातले डिझेल वाचते, आणि दोन्ही टोकांचे काम त्याच्याकडेच राहते.

म्हणून मागणी एवढीच: पश्चिम समर्पित मार्गावर आठवड्यातल्या ठरावीक वारी, ठरावीक वेळी सुटणाऱ्या आणि एक कंटेनरही स्वीकारणाऱ्या गाड्या जाहीर करा. जालन्याच्या ड्राय पोर्टसारखी ठिकाणे त्यांना जोडा. डबे रिकामे असले तरी गाडी वेळेवर सुटू द्या, आणि पहिल्या दोन वर्षांची तूट अर्थसंकल्पात उघडपणे दाखवा.

आपला,
एक नागरिक