पिल्लं सोडली की झालं?

पावसाळा सरला की धरणाकाठी महाशीर माशाचा विषय निघतो आणि कोणीतरी म्हणतंच, "हॅचरीत पिल्लं होतात ना, मग काळजी कशाला?"

लोणावळ्याला टाटा पॉवरच्या हॅचरीने या माशाची पैदास करून दाखवली, हे काम मोठंच. पण तिथला निळ्या परांचा महाशीर कावेरीत सोडला गेला, तो तिथे फोफावला आणि कावेरीचा मूळचा कुबडवाला महाशीर मागे पडला. २०१८ मध्ये आययूसीएनने त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं. चांगल्या हेतूने केलेलं कामसुद्धा असं अंगाशी येतं.

आणि आपल्या घरी काय? १८३९ मध्ये साइक्सने निळ्या परांच्या महाशीरची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून. आज त्या पाण्यात हात तरी घालवतो का? या माशाला विणीसाठी पावसाळ्यात वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्यात वर चढावं लागतं. आपण वर भिंत बांधली आणि खाली सांडपाणी सोडलं. मग पिल्लं जगणार कुठे?

पुढच्या वेळी कुणी पुढारी फोटोसाठी पिल्लं सोडताना दिसला, तर एवढंच विचारा: साहेब, मासा कुठल्या नदीचा, आणि हे पाणी साफ कधी करताय?