कंपायलरचं तोंड बंद करू नका

मागच्या शनिवारी रात्री साडेअकराला फोन वाजला. प्रॉडक्शनमधला थकबाकीचा रिपोर्ट व्यवस्थित चालला होता, एरर एकही नाही, पण काही ग्राहकांची थकबाकी चक्क शून्य! लॉग कोराकरकरीत. पहाटे तीनला चोर सापडला. चोर मीच होतो.

झालं होतं असं. ट्रायच्या आत डेटाबेसमधून रक्कम वाचायची आणि बाहेर वापरायची. व्हेरिएबल नुसतं डिक्लेअर केलं तर जावाचा कंपायलर अडून बसतो: बाबा रे, वाचता वाचता एक्सेप्शन आलं तर याला किंमत कोण देणार? प्रश्न अगदी रास्त. पण डेडलाइन डोक्यावर. मी सुरुवातीलाच त्यात ० टाकला, कॅच रिकामा सोडला आणि घरी गेलो. पुढे एक्सेप्शन आलं, ते कॅचने गिळलं, आणि ते शून्य ऐटीत रिपोर्टात जाऊन बसलं.

गंमत बघा. क्लासच्या फील्डला जावा स्वतःहून ०, फॉल्स किंवा नल देते. लोकल व्हेरिएबलला मात्र मुद्दाम काहीच देत नाही. किंमत न देता ते वापरलं, म्हणजे बहुतेक वेळा आपलीच चूक असते. ती चूक कंपायलर फुकटात दाखवतो आणि आपण '= नल' लिहून त्याला गप्प करतो. एरर जात नाही, फक्त सोमवार सकाळची शनिवार रात्र होते. १९६५ मध्ये नल रेफरन्स आणणाऱ्या टोनी होअरनेच २००९ मध्ये त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. आपण तीच चूक रोज हाताने टाईप करतो!

मग करायचं काय? व्हेरिएबल तसंच रिकामं ठेवा. कॅचमध्ये विचारपूर्वक किंमत द्या, नाहीतर मूळ एक्सेप्शन सोबत घेऊन नवीन थ्रो करा. थ्रो लिहिलंत की तोच कंपायलर निमूट गप्प बसतो, कारण आता किंमतीशिवाय खालच्या ओळीपर्यंत पोचायचा रस्ताच उरत नाही. आणि एक्सेप्शनचं काय करायचं हे ठाऊक नसेल, तर ते पकडूच नका. वर जाऊ द्या.

"पण प्रोग्राम पडला तर क्लायंट ओरडेल ना?" ओरडू दे की! पडलेला प्रोग्राम लगेच दिसतो. चुकीचं शून्य मात्र महिनोन् महिने खरं म्हणून खपतं.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की आपल्या कोडमधले रिकामे कॅच एकदा शोधून बघा. मला माझ्याच नावाचे सात सापडले.