श्रमाला 'पूजा' म्हटले की

नव्या पंथांच्या नादी लागतात ती अशिक्षित माणसे, असे आमच्या प्राध्यापकवर्गात आजही ठामपणे बोलले जाते. हे मत सोयीचे आहे, कारण ते बोलणाऱ्याला फसणाऱ्यांच्या यादीतून आपसूक वगळते. पण ते खरे नाही. १९७४ साली पुण्यात स्थिरावलेल्या रजनीशांच्या आश्रमात डॉक्टर होते, मानसोपचारतज्ज्ञ होते, पदवीधर तर असंख्य. १९८१ मध्ये हा पसारा अमेरिकेत ओरेगनला गेला. तेथे बारा-बारा तास चालणाऱ्या बिनपगारी कामाला 'पूजा' म्हणत. कामाचे तास मोजता येतात, मजुरी मागता येते. पूजेचे तास कोण मोजणार? तक्रार करणारा मग थकलेला ठरत नाही, अश्रद्ध ठरतो. तक्रारीची भाषाच उरली नव्हती अशा या वस्तीतल्या काहींनी १९८४ मध्ये शेजारच्या गावातील उपाहारगृहांत अन्नात रोगजंतू मिसळले. ७५१ माणसे आजारी पडली.

चीनमधील 'विचारशुद्धी'चा अभ्यास करून रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ च्या ग्रंथात हीच रीत उलगडली आहे. गुंतागुंतीचा प्रश्न एका ठोकळेबाज शब्दात कोंबला की विचार तेथेच थांबतो. आपल्याकडचा 'अहंकार' हा तसाच वापरला जाणारा शब्द. शंका घेतली तर अहंकार. शंकेचे कारण सांगितले तर अधिकच अहंकार.

यावर ठरलेले उत्तर असे, की परिभाषा प्रत्येक संप्रदायाला असते. असते, हे मान्य. आमच्याच नांदेड जिल्ह्यातले माहूर महानुभावांना पूज्य. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राखले. पण ते दार बाहेरच्यांसाठी बंद होते. आत आलेल्याला चक्रधरांची मराठी कळत होती, आणि 'लीळाचरित्रा'तले शिष्य प्रश्न विचारताना दिसतात. नव्या पंथांत याच्या नेमके उलट घडते: लिपी सर्वांना खुली, अर्थ मात्र आतल्यापासूनच लपवलेला.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कृत्यांना हात घालतो, शब्दांना नाही, घालूही नये. शब्द तपासणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम. हदगावसारख्या तालुक्याच्या गावी बी.ए.चा विद्यार्थी लक्षणा-व्यंजना पाठ करतो आणि दारी आलेले सत्संगाचे पत्रक न तपासता खिशात घालतो. ते पत्रक वर्गात आणावे. 'सेवा' आहे तेथे 'काम' आणि 'समर्पण' आहे तेथे 'आज्ञापालन' घालून वाक्य पुन्हा वाचावे. जी श्रद्धा खरी आहे ती एवढ्याने मोडणार नाही. मोडली, तर ती श्रद्धा नव्हती, नुसता शब्द होता.