इंग्लंडचा तराजू व युरोपची पेठ

इंग्लंडच्या परराष्ट्रनीतीस कपटी म्हणून मोकळें होणें सोपें आहे; पण शिव्याशाप म्हणजे मीमांसा नव्हे. इंग्लंड व फ्रान्स यांमधील सामुद्रधुनी अरुंदांत अरुंद ठिकाणीं सुमारें २१ मैल आहे. एवढ्या पाण्याच्या आड राहून युरोपच्या भांडणांतून कांहीं काळ अंग काढून घेतां येतें, पण युरोपास विसरतां येत नाहीं.

ह्या स्थितींतून सत्तासमतोलाचें धोरण जन्मास आलें. समोरच्या किनाऱ्यावर कोणतेंही एक राज्य सर्वांस भारी होऊं लागलें कीं, त्याच्या शत्रूंच्या पारड्यांत आपलें वजन टाकावयाचें, हा तो न्याय. १८१५ सालीं वॉटर्लू येथें इंग्लंड ज्या फ्रान्सशीं लढलें, त्याच्याशींच १९०४ सालीं त्यानें सलोखा केला. आणि ज्या प्रशियाचें सैन्य वॉटर्लूस त्याच्या मदतीस धावून आलें, त्याच प्रशियाच्या नेतृत्वाखालीं एक झालेल्या जर्मनीशीं १९१४ सालीं तें लढलें. आमचें मुंबई बेटही १६६१ च्या विवाहकरारानें पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजास आंदण मिळालें, तें अशाच राजकारणाच्या देवघेवींत.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र शेजाऱ्यांनीं पारडींच एकत्र बांधलीं. १९५१ सालीं फ्रान्स, जर्मनी आदि सहा राष्ट्रांनीं कोळसा व पोलाद यांचा कारभार एक केला व १९५७ सालीं रोम येथें सामायिक बाजारपेठेचा करार केला. इंग्लंड बाहेर राहिलें. १९६१ सालीं त्यानें दार ठोठावलें, तों द गॉल यांनीं १९६३ व १९६७ सालीं नकार दिला. १९७३ सालीं प्रवेश मिळाला. १९७५ च्या सार्वमतानें त्यास दुजोरा दिला. आणि २०१६ सालीं शेंकडा सुमारें ५२ मतदारांनीं बाहेर पडण्याचा कौल दिल्यावर २०२० सालीं संबंध सुटला.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, स्वतःचे कायदे स्वतः करण्याच्या हक्कापुढें थोडें व्यापारी नुकसान ती काय गोष्ट! हा आक्षेप आम्ही तुच्छ मानीत नाहीं; लोकांचा कौल पाळणें हें लोकसत्तेचें कर्तव्यच होतें. परंतु हक्क हातीं किती आला हेंही पाहिलें पाहिजे. युरोपांत माल विकणाऱ्या इंग्रज कारखानदारास तेथील नियम आजही पाळावे लागतात. मात्र ते ठरविण्याच्या बैठकींत त्याच्या सरकारास मत नाहीं. उत्तर आयर्लंडकडे स्वदेशांतूनच जाणाऱ्या कित्येक मालासही कागदपत्रें व तपासणी लागते, कारण आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची सीमा खुली ठेवणें त्या बेटावरील शांततेस अवश्य आहे.

आमच्या व्यापारी वाचकांस हें निराळें समजावून सांगावयास नको. पेठेच्या पंचांतून जो उठून जातो, त्याचें दुकान पेठेंतच राहतें. नियम सुटत नाहींत, मत मात्र सुटतें. राष्ट्रांनीं स्वातंत्र्याचा हिशेब मांडतांना ही बाब खर्चाच्या बाजूस प्रामाणिकपणें लिहिली पाहिजे, आणि ती कौल मागण्यापूर्वीं लोकांस दाखविली पाहिजे.