शिंपल्याला मासा हवा

सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी शिंपल्यांची शेती केली, मग आपल्या नदीत ती का होऊ नये? वणीच्या एखाद्या विद्यार्थ्याने असे विचारले तर त्याला हसू नये. मात्र उत्तर हवे असेल तर शिंपल्याच्या बाळपणाकडे पाहिले पाहिजे.

समुद्रातला हिरवा शिंपला घ्या. मालवणकडे त्याला काकई म्हणतात. पिकलेल्या मादीचे मांस तांबूस नारिंगी, नराचे दुधाळ. दोघेही आपली बीजे सरळ पाण्यात सोडून मोकळे होतात. मादीची अंडी लाखांनी मोजावी लागतात. फलनानंतरचे डिंभ दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत भटकतात आणि खडक गाठून चिवट धाग्यांनी चिकटतात. हेच शेतकऱ्याचे बी! ते खरवडून दोराभोवती ठेवायचे, वर सुती जाळीदार कापड शिवायचे, दोर पाण्यात टांगायचा. कापड कुजेपर्यंत पिल्लांनी दोर धरलेला असतो. खत नको, खाद्य नको. पाण्यातले सूक्ष्म प्लवक गाळून खात दोन-अडीच सेंटीमीटरचे बी पाच-सहा महिन्यांत सात-आठ सेंटीमीटर होते. पावसाळ्यात खाडी गोडी झाली की ते मरते, म्हणून काढणी त्याआधी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. कासिम व सहकाऱ्यांनी अशा शेतीचे निष्कर्ष १९७७ साली प्रसिद्ध केले. पुढे केरळात ती चांगली रुजली.

आपल्याकडचा, नदीच्या गाळातला लॅमेलिडेन्स निराळ्या घराण्यातला. त्याने डिंभ असेच सोडून दिले तर प्रवाह ते खाली नेईल. पुन्हा वर कोण आणणार? म्हणून मादी अंडी आपल्या कल्ल्यांतच वाढवते. बाहेर पडलेल्या पाव मिलिमीटरच्या डिंभाने माशाचे कल्ले किंवा पर पकडलेच पाहिजेत, नाहीतर मरण. माशाच्या अंगावर त्याचा इवलासा शिंपला घडतो आणि मग तो तळाशी गळून पडतो. प्रवाहाविरुद्ध जाणारी फुकटची गाडीच ही!

गोड्या पाण्यातील मोत्यांच्या शेतीचा जो गाजावाजा चालतो, त्याबद्दल मला शंका वाटते ती यामुळेच. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने तंत्र बसवले, त्याचे कौतुक आहे. पण त्यासाठी लागणारे प्रौढ शिंपले बहुधा नदी-तळ्यांतूनच उपसून आणतात. हे पिकवणे नव्हे, मुद्दल खाणे आहे. त्यात आणखी एक फसगत. शिंपले अनेक वर्षे जगतात. बंधाऱ्याने अडून किंवा पाणी बिघडून मासे नाहीसे झाले, तरी म्हातारे शिंपले जागेवर असतातच, आणि पाहणारा म्हणतो, सारे ठीक आहे!

तेव्हा उन्हाळ्यात शिक्षकांबरोबर निर्गुडेच्या काठी जा. रिकामे शिंपले वेचून त्यांची लांबी मोजा, आलेख काढा. लहान शिंपले सहज दिसत नाहीत, म्हणून थोडा गाळ चाळणीने चाळा. जिवंत शिंपले मात्र जागच्या जागी परत ठेवा. नखाएवढे सापडले तर माशांची ये-जा चालू आहे. बऱ्याच ठिकाणी पाहूनही सगळे तळहाताएवढेच निघाले, तर मोत्यांचे राहू द्या. पूर्वी इथे कोणते मासे चढत आणि आता कुठे अडतात, ते आधी गावच्या ढिवर मंडळींना विचारा.