गावकीचा ठराव आणि माझं मत

मागे एका निवडणुकीच्या आधी आमच्या वाडीत देवळात सभा भरली. वाडी पोलादपूर तालुक्यातली, डोंगराच्या कुशीत. मुंबईहून मंडळाचे चार चाकरमानी मुद्दाम रात्रीच्या एस.टी.ने आले होते. आत पुरुष बसले, बाहेर पडवीला आम्ही बाया चहाचं आधण ठेवून. तासाभरात ठरलं. गावाची मतं अमक्याला. का, तर तो देवळाला सभामंडप बांधून देणार. चहाचे कप गोळा करायला मी आत गेले तेव्हा माझे चुलतसासरे म्हणाले, "सूनबाई, बायकांना सांगून ठेव हां, कुठलं चिन्ह ते."

मैत्रिणींनो, त्या दिवशी मी काही बोलले नाही. कप उचलले आणि आले. पण विहिरीवर जाताना मनात हिशोब चालू होता. आमच्या वाडीच्या यादीत बायांची नावं पुरुषांपेक्षा कमी नाहीत. वर्षभर गावात राहतं कोण? आम्ही. लावणी, कापणी, गुरं, म्हातारी माणसं, पोरांच्या शाळा, सगळं आमच्या अंगावर. मुंबईला गिरण्या होत्या तेव्हापासून आमच्या महाड-पोलादपुरातला पुरुष तिकडे आणि बाई इकडे, ही रीतच पडली. गिरण्या बंद पडल्या, रीत राहिली. चैत्र-वैशाखात दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढतं कोण? आम्हीच. आणि आमच्या मतांवर मागून काय घेतलं? सभामंडप!

देवाला माझा विरोध नाही. पण पावसाळ्यात घरं वाहून जातील असा पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट, असं आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललंय. बाळंतपणाला अडलेली बाई खाली आणायची तर डोली करावी लागते, अशा वाड्या अजून आहेत. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, ऐंशीच्या वर माणसं गेली. त्याच पावसात पोलादपुरातही दरडी आल्या. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांनी तेच भोगलं होतं. कुठल्या डोंगराखालच्या वस्तीचं पुनर्वसन कधी करायचं, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर किती द्यायचे, एस.टी.ची फेरी चालू ठेवायची की बंद करायची, हे राज्य सरकारच्या हातातलं आहे. म्हणजे विधानसभेचं मत हे आमच्या हंड्याचं, बाळंतपणाचं आणि डोक्यावरच्या डोंगराचं मत आहे. ते सभामंडपाच्या भावात कोणी विकायचं?

यावर गावातली शहाणी माणसं एक गोष्ट सांगतात, आणि ती खोटी नाही. ती म्हणतात, आपली वाडी केवढी! सुटी-सुटी मतं दिली तर आपल्याला विचारतो कोण? एकगठ्ठा दिली तरच पुढारी डोंगर चढून येतो. कबूल. लहान वाडीची ताकद एकीत आहे. पण मग एकी कोणाची? ज्या सभेत निम्म्या मतदारांना बसायला जागा नाही, फक्त चहा द्यायला जागा आहे, त्या सभेच्या ठरावाला एकी म्हणायचं का? आम्हालाही पडवीतून आत घ्या. आधी काय मागायचं ते ठरू दे, मग कोणाला द्यायचं ते बोलू. आणि तेवढं झाल्यावरही बटण दाबायचं बोट ज्याचं त्याचं. ठराव ही गावाची इच्छा असू शकते, तो हुकूम असू शकत नाही.

आमच्या बाया म्हणतात, "दुसरीकडे दिलं तर कळतं गं त्यांना." याचा खुलासा नीट केला पाहिजे, कारण भीतीचं मूळ तिथेच आहे. तुझं मत कुणाला गेलं हे कुणालाही कळत नाही. यंत्राशेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते ती फक्त तुला. मग ती पेटीत पडते. तिच्यावर तुझं नाव नसतं. पण मतमोजणी केंद्रवार होते, त्यामुळे एका केंद्रावर कोणाला किती मतं पडली हे मात्र जाहीर होतं. केंद्र लहान असलं की वाडीचा कल उघडा पडतो, आणि त्या आकड्यावरूनच दमदाटी चालते. हे झाकण्यासाठी अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं यंत्र वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवलं, विधी आयोगाने २०१५ साली त्याला दुजोरा दिला. ते झालं नाही. ही मागणी आपण बायांनी उचलून धरायला हवी. तोवर एवढं लक्षात ठेवा: आकडा वाडीचा कळतो, बाईचा नाही. कुणी म्हणालं "तू फितूर झालीस", तर तो अंदाज करतोय, त्याला ठाऊक काही नाही.

आणि वाळीत टाकण्याची भीती? आपल्या रायगड जिल्ह्याला हे नवं नाही. गावकीचं ऐकलं नाही म्हणून वाळीत टाकलेल्या घरांच्या तक्रारींनी हा जिल्हा गाजला होता. पाणी बंद, बोलणं बंद, मयताला खांदा बंद. त्यानंतर महाराष्ट्रात २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला, ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. मतासाठी धाकदपटशा करणं हा भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे. कायदा खिशात आहे म्हणून कुणाशी भांडायला निघा असं मी म्हणत नाही. एकटीने तर नकोच. पण पाच जणी मिळून "दादा, हा गुन्हा आहे बरं का" असं शांतपणे म्हणाल्या, तर गावकीचा आवाज किती खाली येतो ते मी पाहिलंय.

आता मुख्य गोष्ट. पुढची विधानसभा मुदतीप्रमाणे २०२९ च्या अखेरीस. तुम्ही म्हणाल, आतापासून कशाला? बियाण्याचं भात आपण कापणीलाच वेगळं काढून ठेवतो ना? पेरणीच्या दिवशी कणगी धुंडाळत नाही. पुढाऱ्यांची तयारी निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. आपलीच तेवढी मतदानाच्या आदल्या रात्री.

पहिली तयारी नावाची. माझं लग्न महाड तालुक्यातून पोलादपुरात झालं. माहेरच्यांनी "ती सासरी गेली" म्हणून तिथलं नाव कमी करून टाकलं. सासरी कुणी घातलंच नाही. मतदानाच्या दिवशी भाकऱ्या आटपून चार मैल उतरून गेले, तर यादीत नाव नाही. माहेरी मेलेली, सासरी अजून जन्मलेलीच नाही, अशी मी! परत चढ चढताना रडू आलं, ते मताचं नव्हतं, आपण कुठेच नाही याचं होतं.

हे दुखणं जुनं आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. आपल्याकडे बाई नाव सांगते, पण लग्नात तेच बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. मग कागद कागदाला ओळखत नाही. २०२५ साली बिहारमध्ये मतदारयाद्यांची सखोल पडताळणी झाली तेव्हा २००३ ची यादी आधाराला धरली होती. तिच्यात ज्यांचं नाव नव्हतं त्यांतल्या अनेकांना आईवडिलांचा दाखला शोधावा लागला. म्हणजे सासुरवाशिणीने माहेरचा उंबरठा गाठायचा. ज्यांचं माहेर दूर, ज्यांचं माहेर तुटलेलं, ज्या टाकलेल्या, त्यांनी काय करायचं? अशी पडताळणी कुठेही दार ठोठावू शकते. म्हणून आईवडिलांच्या नावाच्या जुन्या यादीची प्रत, शाळेचा दाखला, लग्नाची नोंद, हे सगळं आजच एका पिशवीत घालून ठेवा. ती पिशवी नवऱ्याच्या कपाटात नको, तुमच्या ट्रंकेत हवी.

नवं नाव घालायला नमुना ६, पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्त करायला नमुना ८. आता वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण झालेल्या लेकीचं नाव घालता येतं. तिचं लग्न ठरवायची घाई करता, तशी याचीही करा. प्रत्येक केंद्राला यादीचं काम बघणारा एक बी.एल.ओ. असतो, बहुतेक शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीची ताई. तिला विचारा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीला हात लागत नाही, त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर धावून उपयोग थोडा. आणि नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, मुंबईच्या खोलीवर किंवा गावी. कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा, मंडळाने नव्हे.

दुसरी तयारी त्या दिवसाची. २०२४ ला मतदान २० नोव्हेंबरला झालं. आमच्याकडे कुणाचं भात झोडायचं राहिलं होतं, कुणाचा पेंढा रचायचा. घरातला पुरुष सकाळी मत देऊन मोकळा होतो, बाई "दुपारी बघू" म्हणते आणि संध्याकाळ होते. म्हणून आधीच पाळी लावा. पाच जणींनी जायचं, दोघींनी पोरं आणि गुरं बघायची, मग उलट. एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५-बी कलमाने मतदानाची भरपगारी सुट्टी रोजंदारीवरच्या बाईलाही आहे. ८५ च्या पुढच्या सासूबाई आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना २०२४ साली घरबसल्या मत देता आलं, त्यासाठी नमुना १२-डी वेळेत भरावा लागला. ओळखपत्र हरवलं तर आधार, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्डही चालतं.

तिसरी तयारी मागण्यांची. जानेवारीत हळदीकुंकू करतोच. त्यातल्या एका संध्याकाळी वाणाच्या ताटाशेजारी एक वही ठेवा. प्रत्येकीने एक गोष्ट लिहायची, लिहिता येत नसेल तिने सांगायची. आणि हो, विधवा, टाकलेल्या, सगळ्यांना बोलवायचं. मतदारयादीत सवाष्ण-विधवा असा रकाना नसतो. त्या वहीतून पाच मागण्या काढा. उमेदवार आला की वही पुढे करा, त्याचं उत्तर त्याच्यासमोर लिहून घ्या. पुढच्या संक्रांतीला तीच वही पुन्हा उघडा.

कुणी म्हणेल, लाडक्या बहिणीचे पैसे घेता आणि वर प्रश्न विचारता? घेतो. जुलै २०२४ पासून दरमहा दीड हजार येऊ लागले, निवडणुकीच्या प्रचारात एकवीसशेची भाषा झाली. ते पैसे कुणा भावाच्या खिशातले नाहीत, सरकारी तिजोरीतले आहेत. काडेपेटीपासून लुगड्यापर्यंत कर आम्हीही भरतो. हक्काच्या पैशाने मिंधं कशाला व्हायचं? त्या निवडणुकीत राज्यातल्या ६५ टक्क्यांहून जास्त बायांनी मत दिलं. २८८ आमदारांत बाया निवडून आल्या किती? २१. एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ साली झाली खरी, पण जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्या दावणीला बांधून. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा २०११ पासून आपल्या आहेत. तिथे बाई खुर्चीवर बसायला शिकली. विधानसभेच्या दारात मात्र ती अजून पडवीतच आहे.

आणि आपण राहतो कुठे? महाडला. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन माणसांनी सांगितलं की पाणी सगळ्यांचं आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथेच मनुस्मृती जाळली. त्या सत्याग्रहाला बायाही आल्या होत्या, बाबासाहेब त्यांच्याशी वेगळे बोलले होते. पुढच्याच वर्षी सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मागितलं. त्याआधी, १९२१ पासून, मुंबई इलाख्यात मत होतं ते मालमत्तेवाल्या मोजक्या बायांना. माझ्यासारख्या डोंगरातल्या बाईला मत मिळालं ते या मागणीमुळे, आणि ती मागणी ज्यांनी तळ्यावर मार खाल्ला त्यांची होती. ते मत मी सभामंडपावर ओवाळून टाकू?

परवा पुन्हा देवळात सभा झाली, रस्त्याच्या कामाची. मी चहा ठेवला, आणि मग आत जाऊन बसले. माझ्यामागून दोघी आल्या. चुलतसासरे थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चहा कोण आणणार?" मी म्हटलं, "मामंजी, आधण उकळलंय. ज्याला हवा त्याने गाळून घ्यावा."

तुमच्या गावात मताचा ठराव कोण करतं? आणि तुमचं नाव यादीत कुठे आहे, माहेरी, सासरी, की कुठेच नाही? हा अंक खाली ठेवायच्या आधी एवढं बघून घ्या, आणि आम्हाला कळवा.